फीच्या डब्याला हात लावायचा नाही

ताई,

स. न. वि. वि.

मी भांडुपला राहते, एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. मिस्टर फोर्टला एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये आहेत. मुलगी सातवीत. घर सासऱ्यांनी घेतलेलं, त्यामुळे भाडं नाही की हप्ता नाही. तरी वीस तारखेनंतर हात आखडतो.

कारण क्रेडिट कार्ड. दीड वर्षापूर्वी मोठ्या दिरांच्या मुलीचं लग्न झालं. आहेर, केळवण, आमचे कपडे, गावाकडच्या मंडळींची गाडी असं करत करत कार्डावर बराच खर्च झाला. आज आकडा १ लाख ४० हजार आहे. दर महिन्याला ७ हजार भरतो, बिलावर 'मिनिमम ड्यू' म्हणून लिहून येतं तेवढे. मधेमधे कार्ड वापरलंही जातं. आकडा हलत नाही.

दुसरीकडे बँकेत ५ लाखांची एफडी आहे. सासरे बेस्टमध्ये होते, त्यांच्या रिटायरमेंटच्या पैशांतली. जाण्याआधी म्हणाले होते, "हे नातीच्या शिक्षणाला." एफडी मिस्टरांच्या नावावर आहे. मी म्हटलं, त्यातले दीड लाख काढून कार्ड संपवून टाकू. तर म्हणाले, "बाबांच्या पैशांना हात लावायचा नाही." दोन दिवस बोलले नाहीत.

उलट मलाच सांगतात, तुझी भिशी बंद कर. आमच्या बिल्डिंगमध्ये १२ जणींची भिशी आहे, महिना ३ हजार. "भिशीत एक पैसा व्याज नाही, त्यापेक्षा आरडी काढ, एवढं साधं गणित कळत नाही का?" खरं सांगते, मागच्या वर्षी भिशी लागली तेव्हा मी कानातले केले. कार्डाचं बिल तेव्हाही होतंच.

आता डिसेंबरात नणंदेच्या मुलाचं लग्न आहे. मिस्टर म्हणतात, दादा अंगठी देणार आहेत, आपल्यालाही निदान अंगठी द्यायला हवी. मी भिशी सोडू का? आणि अकाउंट्समधल्या माणसाला व्याजाचं गणित कसं समजावू?

एक वाचक, भांडुप

*

भांडुपच्या ताई,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. अकाउंट्समधल्या माणसाला गणित समजावायला जाऊ नका. त्यांना ते येतं, तुमच्यामाझ्यापेक्षा चांगलं येतं. भिशीच्या बाबतीत बघा, कसं झटकन आलं! फक्त ते तुमच्या पैशांवर करता येतं, बाबांच्या पैशांवर करायला हात धजत नाही. आणि रागावू नका, पण तुम्हालाही ते गणित एफडीच्या वेळी सुचलं, कानातल्यांच्या वेळी सुचलं नव्हतं. तुम्ही ते आपणहून लिहिलंत म्हणून तर मला हे पत्र आवडलं.

तरी आकडे एकदा मांडून टाकते. तुमच्या कार्डाचा दर तुम्ही लिहिला नाहीत. बिलाच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात असतो. बहुतेक कार्डांचा महिन्याला ३ ते पावणेचार टक्के असतो, मी साडेतीन धरते. १ लाख ४० हजारांवर महिन्याचं व्याज झालं ४,९०० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८८२. एकूण ५,७८२. तुम्ही ७ हजार भरता, त्यातून मुद्दल फिटतं फक्त १,२१८ रुपयांचं. महिन्यातून एकदा कार्डावर किराणा आणि एकदा औषधं घेतली की तेही भरून निघालं. आकडा हलत नाही म्हणता तो यामुळे.

आता एफडी. ७ टक्के धरले तर ५ लाखांवर वर्षाला ३५ हजार, महिन्याला २,९१७. शिवाय त्यावर कर. म्हणजे सासऱ्यांचे ५ लाख महिनाभर राबून जे कमावतात, त्याच्या जवळजवळ दुप्पट रक्कम लग्नातल्या दीड लाखाची उधारी महिन्यात खाऊन टाकते.

हे मिस्टरांना माहीत नसेल असं मला अजिबात वाटत नाही. मग अडतं कुठे?

माझी आई परळच्या चाळीत राहायची तेव्हा स्वयंपाकाच्या फळीवर तिचे पाच डबे होते. डालड्याचे रिकामे डबे, घासून पुसून घेतलेले. त्यांवर वहीच्या कागदाच्या चिठ्ठ्या, खळीने चिकटवलेल्या: दूध, वाणी, फी, औषध, गणपती. वडिलांचा पगार १० तारखेला व्हायचा. त्या रात्री जेवणं उरकली की आई फळीवरून डबे खाली काढायची आणि नोटा वाटायची, पत्ते वाटावेत तशा. एका महिन्यात बावीस-तेवीस तारखेलाच 'वाणी' रिकामा झाला. आईने माझ्या हातात वाटी दिली आणि शेजारच्या मावशींकडून तांदूळ नि वीस रुपये आणायला सांगितलं. मी डबे वाजवून बघितलेले होते. म्हटलं, "फीच्या डब्यात आहेत की पैसे." आई म्हणाली, "ते फीचे आहेत." असं म्हणाली की जणू ते दुसऱ्या कुणाचे होते, आमच्याकडे नुसते ठेवायला दिलेले.

मला तेव्हा तो शुद्ध वेडेपणा वाटला होता.

पुढे कित्येक वर्षांनी रिचर्ड थेलर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाबद्दल वाचताना ते डबे पुन्हा डोळ्यांसमोर आले. पुस्तकी अर्थशास्त्र सांगतं की पैशाला रंग नसतो. ५०० ची नोट पगारातून आली काय नि ओवाळणीत मिळाली काय, तिची किंमत तीच. थेलर यांनी १९८० च्या सुमारास म्हणायला सुरुवात केली की माणसं असं वागतच नाहीत. ती मनात खाती उघडतात, प्रत्येक खात्याला नाव देतात आणि एका खात्यातला पैसा दुसऱ्यात जाऊ देत नाहीत. २०१७ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामागच्या कामात हे मनातले हिशेबही होते. ते हॉलिवूडच्या दोन नटांचा एक किस्सा सांगतात. जीन हॅकमन आणि डस्टिन हॉफमन दोघेही उमेदवारी करत होते तेव्हाचा. हॉफमनने उसने पैसे मागितले. हॅकमनने स्वयंपाकघरात पाहिलं तर काचेच्या बरण्यांत पैसे ठेवलेले, प्रत्येकीवर चिठ्ठी: भाडं, अमुक, तमुक. विचारलं, एवढे असताना उसने कशाला? हॉफमनने 'जेवण' लिहिलेल्या बरणीकडे बोट दाखवलं. ती रिकामी होती.

परळ असो की अमेरिका, बरणी तीच.

पण आई वेडी नव्हती. आमच्या घरात पाहुणा यायचा, वडिलांचे मित्र यायचे, गावाहून कुणीतरी आजारी म्हणून यायचं. फीच्या डब्याचं झाकण एकदा दुसऱ्या कामासाठी उघडलं की ते पुन्हा पुन्हा उघडणार आणि जूनमध्ये माझी फी राहणार, हे तिने ओळखलं होतं. चिठ्ठी म्हणजे तिने घातलेलं कुंपण होतं, आमच्यासाठी आणि स्वतःसाठीही. तुमच्या मिस्टरांच्या त्या एका वाक्यात मला हेच ऐकू येतं. आज दीड लाख काढले, तर उद्या घराच्या रंगाला ५० हजार काढायला किती वेळ लागेल? आणि शेवटी लेक बारावी होईल तेव्हा बाबांना तोंड कसं दाखवायचं, बाबा नसले तरी. बेस्टमध्ये आयुष्यभर नोकरी करून मागे ठेवलेला पैसा आहे तो. ती रक्कम कमी होताना पाहणं म्हणजे त्यांना बाबा थोडे थोडे कमी होताना पाहण्यासारखं वाटत असेल. त्यावर तुम्ही एफडीचे ७ टक्के आणि कार्डाचे महिना साडेतीन म्हणजे वर्षाचे ४२ टक्के घेऊन गेलात, म्हणून दोन दिवस अबोला झाला.

फक्त एक गोष्ट आईच्या वेळची आता राहिलेली नाही. शेजारच्या मावशी व्याज घेत नव्हत्या. वाटीभर तांदळाचे वाटीभर परत जायचे, फार तर वर चार दाणे. फीचा डबा न फोडण्याची किंमत तेव्हा शून्य होती, म्हणून ती शिस्त परवडायची. तुमच्या घरी डबा तोच आहे, शेजारीण मात्र बदलली आहे. ही नवी शेजारीण महिन्याला साडेतीन टक्के घेते आणि वर जीएसटी लावते.

तेव्हा एफडी मोडू नका. मोडा म्हणून भांडूही नका.

एफडीवर कर्ज मिळतं. ज्या बँकेत एफडी आहे तिथेच जायचं. साधारणपणे एफडीच्या रकमेच्या ९० टक्क्यांपर्यंत देतात, व्याज एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त. एफडी जागच्या जागी राहते, तिच्यावर व्याज मिळत राहतं, फक्त कर्ज फिटेपर्यंत बँक तिच्यावर आपला ताबा नोंदवते. एफडी मिस्टरांच्या नावावर आहे हे बरं झालं. अल्पवयीन मुलीच्या नावावर असती तर कर्जाला बऱ्याच अडचणी आल्या असत्या. ८ टक्के दर धरा. १ लाख ४० हजारांवर पहिल्या महिन्याचं व्याज होतं ९३३ रुपये. तिकडे ५,७८२ जात होते. तुम्ही आज भरता तेवढेच ७ हजार भरत राहिलात तर हे कर्ज २२ महिन्यांत संपतं. कार्डावर तेच ७ हजार न चुकता भरले आणि कार्ड अजिबात वापरलं नाही, तरी ४४ महिने लागतात. पगार तोच, ओढाताण तेवढीच, आणि मधली जवळजवळ दोन वर्षं वाचली.

मिस्टरांशी बोलताना 'कर्ज' हा शब्द वापरू नका, 'मोडणं' तर नकोच. म्हणा, "लेकीकडून उसने घेऊ आणि तिला परत करू." हे शब्दांचे खेळ वाटतील, पण हेच खरं वर्णन आहे. बाबांच्या डब्यावरची चिठ्ठी तशीच राहते, झाकण लावलेलं राहतं. आणि वाटल्यास त्यांना जे उत्तम येतं ते करू द्या: एका वहीत लेकीच्या नावाचं पान उघडून महिन्याच्या हप्त्याच्या नोंदी. अकाउंट्समधला माणूस आहे, नोंदीत खाडाखोड चालणार नाही त्यांना.

बँकेत एक काळजी घ्या. ते बहुधा ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत हवे तेव्हा हवे तेवढे उचलायची सोय, देऊ करतील, साडेचार लाखांपर्यंतची मर्यादा सांगतील. नको म्हणा. साडेचार लाख 'उपलब्ध' दिसले की मन त्याला स्वतःचे पैसे समजू लागतं, आणि डिसेंबरात लग्न आहे. १ लाख ४० हजारांचंच साधं कर्ज मागा. ओव्हरड्राफ्टच घ्यावा लागला तर मर्यादा तेवढीच ठेवायला सांगा. पगार जमा होतो त्याच्या दुसऱ्या दिवशी ७ हजार आपोआप वळते होतील अशी सूचना देऊन या. आणखी एक: मिस्टरांची पगारवाढ ज्या महिन्यात होते, त्या महिन्यापासून हप्ता हजाराने वाढवायचा, हे आजच ठरवा. हातात न आलेल्या पैशातून द्यायला माणूस चटकन कबूल होतो, आलेल्या पैशातून देताना जीव तुटतो. थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी यांनी अमेरिकेतल्या एका कंपनीत हाच मार्ग वापरून बघितला होता. पुढच्या पगारवाढीतून बचत वाढवायचं आधी कबूल केलेल्या कामगारांची बचत ४० महिन्यांत पगाराच्या साडेतीन टक्क्यांवरून साडेतेरा टक्क्यांच्या वर गेली. त्यांना कुणी काटकसरीवर भाषण दिलं नव्हतं.

आता त्या 'मिनिमम ड्यू'बद्दल, कारण त्यावर माझा राग आहे. बिलावर छापलेला तो आकडा दिसायला सल्ल्यासारखा दिसतो. वाटतं, एवढे भरले की झालं. प्रत्यक्षात दंड न लागता तुम्हाला जास्तीत जास्त काळ कर्जात ठेवणारा तो आकडा आहे. इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठाच्या नील स्टुअर्ट यांनी २००९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. लोकांना एक खोटं बिल दाखवून किती भराल असं विचारलं. काहींच्या बिलावर किमान रकमेचा उल्लेख होता, काहींच्या नव्हता. बिल पूर्ण न भरणाऱ्यांमध्ये, किमान आकडा दिसला नाही त्यांनी बरीच मोठी रक्कम भरायची तयारी दाखवली. आकडा दिसला की मन त्याला दोर बांधून घेतं आणि तेवढ्या वर्तुळातच फिरतं. तुमच्या ७ हजारांमागे कुठलाही हिशेब नव्हता, कुणीतरी छापलेला आकडा होता.

कार्डावरची बाकी पूर्ण शून्य होईपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, हे अनेकांना माहीत नसतं. किराणा घेतला त्या दिवसापासून व्याज. म्हणून कार्ड भरलं की कपाटात जाऊ दे. तोडून टाकायचं नाटक नको. वाण्याला, औषधवाल्याला रोख किंवा सरळ खात्यातून द्या, निदान जाताना ते जाणवेल तरी. अमेरिकेत एमआयटीच्या ड्रॅझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी बास्केटबॉलच्या सामन्याच्या तिकिटांचा लिलाव केला होता. काहींना सांगितलं रोख द्यावे लागतील, काहींना सांगितलं कार्ड चालेल. कार्डवाल्यांनी रोखवाल्यांच्या दुपटीच्या आसपास बोली लावली. बोली लावणारे सगळे विद्यार्थीच होते आणि सामनाही तोच होता.

भिशीकडे येऊ. मिस्टर म्हणतात त्यात चूक काही नाही: भिशीत व्याज नाही. महिना ३ हजारांची आरडी ७ टक्क्यांनी वर्षभर केली तर व्याज मिळेल साधारण १,३६५ रुपये. वर्षाचे, बरं का. भिशीवरून घरात वाद होतो तो या १,३६५ रुपयांसाठी, आणि कार्डाला महिन्यालाच ५,७८२ जातात त्यावर मौन. (हे वाक्य तुम्ही त्यांना वाचून दाखवू नका. ते सदर स्वतः वाचतील तर वाचू देत.)

आणि भिशीत काय मिळतं ते आरडीच्या पासबुकात दिसत नाही. आरडीचा हप्ता चुकला तर बँक किरकोळ दंड लावते आणि गप्प बसते. भिशीचा चुकला तर दुसऱ्या मजल्यावरच्या काकू जिन्यात गाठतात. ती लाजच तुमची बचत करून घेते. फिलिपिन्समध्ये नावा अश्रफ, डीन कार्लन आणि वेस्ली यिन यांनी एका बँकेतून लोकांना असं खातं देऊ केलं होतं की ठरलेली तारीख किंवा रक्कम येईपर्यंत पैसे काढायचेच नाहीत. व्याज साध्या खात्याएवढंच, एक पैसा जास्त नाही. म्हणजे मिस्टरांच्या भाषेत शुद्ध तोट्याचा व्यवहार. तरी विचारलेल्यांपैकी २८ टक्के लोकांनी ते घेतलं. आपलेच हात बांधून हवे असलेली माणसं जगात बरीच आहेत, आणि ती मूर्ख नाहीत, त्यांना आपले हात चांगले माहीत असतात.

आणखी एक गोष्ट आहे, ती तुम्ही लिहिली नाहीत, पण पत्रात आहे. नैरोबीच्या किबेरा वस्तीतल्या भिशींचा अभ्यास सिवान अँडरसन आणि जाँ-मारी बालां यांनी केला होता. तिथे भिशीत बायकाच जास्त, त्यातही संसारात असलेल्या आणि स्वतः कमावणाऱ्या. घरातल्या पैशाचं काय करायचं हे नवऱ्याने ठरवण्याआधी थोडा पैसा बाजूला काढायचा तो मार्ग आहे, असा अर्थ त्यांनी लावला. तुमचा पगार घरात येतो आणि घरखर्चात विरघळतो. वर्षातून एकदा ३६ हजार रुपये एकरकमी हातात येतात, तेव्हा त्यांचं काय करायचं ते तुम्ही कुणाला न विचारता ठरवता. ते कानातले त्यातून आले. गणिताने बघितलं तर ते चुकलं. ३६ हजार कार्डात गेले असते तर महिन्याला जवळपास दीड हजार रुपये व्याज आणि जीएसटीचे वाचले असते. पण मिस्टरांच्या डब्यावर जसं बाबांचं नाव, तसं या डब्यावर तुमचं नाव आहे. त्यांनी तुमचा डबा व्याजाच्या दराने मोजला, तुम्ही त्यांचा. दोघांनाही टोचलं.

म्हणून भिशी सोडू नका. पण यंदाची भिशी लागण्याआधीच चिठ्ठी लिहून ठेवा: अर्धे लेकीच्या वहीत, अर्धे तुमचे. त्या अर्ध्याचं काय केलंत ते मिस्टरांनी विचारायचं नाही आणि तुम्ही सांगायचं नाही. पैसे हातात आल्यावर ठरवायला बसलात तर नाही ठरणार. आणि हेही लक्षात असू द्या की भिशीला ओळखीशिवाय दुसरं तारण नाही. बारापैकी कुणी आधी उचलून घर बदललं तर कुणाकडे दाद मागणार? नवी बाई घेताना ती बिल्डिंगमधलीच असावी आणि पहिला नंबर तिला देऊ नये, एवढं पाळा.

राहिलं डिसेंबरातलं लग्न. सगळ्यात अवघड तेच आहे, कारण कार्डावरचा आकडा मुळात तिथूनच आला.

आमच्याकडे लग्नात एक मामा वही घेऊन बसायचे. टेबलावर पाकिटं, एक रुपयाचं नाणं चिकटवलेली. मामा पाकीट उघडायचे, नोटा मोजायचे, नाव आणि आकडा लिहायचे: २५१, ५०१, क्वचित १,००१. ती वही लग्नानंतर लोखंडी कपाटात, पत्रिकांच्या गठ्ठ्याखाली. आपल्याला वाटतं, ती वही उघडून लोक आपल्याला जोखतात. माझ्या पाहण्यात ती वही एकाच वेळी बाहेर निघायची, समोरच्याच्या घरी कार्य निघालं की. "त्यांनी आपल्याला किती दिलं होतं गं?" असं विचारत. मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकाने १९२५ मध्ये लिहून ठेवलंय की भेटीत तीन बंधनं असतात: द्यायचं, घ्यायचं आणि परत करायचं. आपण फक्त पहिल्याची चिंता करत बसतो. तुम्ही अंगठी दिलीत की नणंदेच्या वहीत अंगठी लिहिली जाते. तुमची लेक लग्नाला येईल तेव्हा सोन्याचा भाव काय असेल कुणास ठाऊक, आणि नणंदबाईंना तेव्हा अंगठी शोधत फिरावं लागेल. जमत नसेल तर त्याही कुठूनतरी उसने आणतील. दिरांनी अंगठी दिली म्हणून तुम्ही, तुम्ही दिली म्हणून त्या. मिस्टरांना हे सांगून बघा. दादांशी बरोबरी करायची नाही असं म्हटलं तर त्यांना ते पाणउतारा वाटेल. ताईवर ओझं नको असं म्हटलं तर कदाचित ऐकतील. बहीण आहे शेवटी.

आकडा आत्ता ठरवा, लग्नाच्या आठवड्यात नको. तुम्हाला दोघांना मिळून झेपेल तो, पाकिटात, रोख. कपडे मागच्या लग्नातले चालतात. त्या साडीचे पैसे अजून तुम्ही फेडताय, निदान ती दोनदा नेसा तरी. आणि हळदीच्या आदल्या दिवशी नणंदेकडे राहायला जा. मुलाच्या आईला त्या दोन दिवसांत हाताखाली माणूस लागतं, पाहुण्यांच्या चहाला, रुखवत ठेवून घ्यायला, हॉलवाल्याशी बोलायला. वहीत त्याला रकाना नाही, पण ते लक्षात राहतं.

बोलायचं कधी, तेही सांगते. कार्डाचं बिल येतं त्या रात्री बोलू नका. वीस तारखेनंतर तर अजिबात नको. तमिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांवर सेंदिल मुल्लैनाथन, एल्डार शफीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केलं होतं, ते २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. तोच शेतकरी, तोडणीच्या आधी हात रिकामे असताना बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडायचा आणि तोडणीचे पैसे आल्यावर सुधारायचा. अक्कल कमी झालेली नसते, ती पैशाच्या काळजीने अडवून ठेवलेली असते. तुमच्या घरी वीस तारखेनंतर तेच होत असणार, दोघांचंही. पगार झाल्यानंतरचा पहिला रविवार बघा, दुपारची जेवणं झाल्यावर. लेक क्लासला किंवा मैत्रिणीकडे गेलेली असेल तर उत्तम. आधी कानातल्यांची गोष्ट तुम्ही स्वतः काढा. "मी पण तेच केलं होतं" असं म्हणून सुरुवात झाली की पुढचं सोपं जातं.

मग बँकेत दोघांनी मिळून जा. एफडीची पावती, पॅन, आधार घ्या, कार्डाचं शेवटचं बिलही असू द्या, म्हणजे नेमका आकडा हाताशी राहील. मिस्टरांना फोर्टहून सुट्टी मिळत नसेल आणि शनिवारीच जमणार असेल, तर दुसरा आणि चौथा शनिवार सोडून जा, त्या दिवशी बँक बंद असते.